नव्या घराच्या वरच्या मजल्यावरची फरशी वाजते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, शेळगी, बाळे या भागांत नवी दुमजली घरं आणि फ्लॅट सतत उभे राहत आहेत. राहायला गेल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत वरच्या मजल्याबद्दल जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत. फोडाफोडी सुरू करण्याआधी निदान पहिले दोन प्रश्न वाचा. आवाज कुठला आहे हे न पाहता फरशी उखडली, तर चांगल्या फरश्याही हकनाक जातात.

चालताना फरशीचा आवाज येतो. स्लॅब कच्चा आहे का?

बहुतेक वेळा नाही. आवाज करते ती फरशी आणि तिच्या खालचा माल, म्हणजे स्लॅबवरचा दीड-दोन इंचांचा थर. स्लॅबच्या मजबुतीशी त्याचा थेट संबंध नसतो.

स्लॅबची शंका घ्यायची ती खालच्या खोलीतून, छताकडे बघून. छताच्या मधोमध लांब सरळ भेग दिसते का, गिलाव्याचा पोपडा सुटला आहे का, गंजाचे तपकिरी डाग उतरले आहेत का? वरच्या खोलीचं दार आधी नीट लागायचं आणि आता घासायला लागलं, खोलीच्या मध्यात पाणी साचायला लागलं, हीही लक्षणं आहेत. कडेपासून कडेपर्यंत दोरी ताणून मध्यभागी किती झोळ आहे ते मोजा. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे भिंती आणि फरशी झाल्यानंतर स्लॅबचा झोळ गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३५० व्या भागापेक्षा किंवा २० मिमीपेक्षा, यांतलं जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त वाढू नये. १२ फुटांच्या गाळ्याला हे साधारण १० मिमी होतं. फरशी मुळातच कमी-जास्त लेव्हलला बसलेली असू शकते. त्यामुळे एकदा मोजून थांबू नका, दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल तर फरशीवाल्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आवाज नेमका कुठून येतो, हे कसं शोधायचं?

दुपारी टीव्ही, पंखे बंद करा आणि अनवाणी फिरा. तळव्याला जे कळतं ते चपलेला कळत नाही. मग दहा रुपयांचं नाणं किंवा लाकडी दांडा घेऊन प्रत्येक फरशी पाच ठिकाणी ठोका: चार कोपरे आणि मध्य. भरीव फरशीचा आवाज बारीक आणि आखूड येतो. पोकळ फरशी घुमते, आणि तिच्यावर ठेवलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटांना हलकी थरथर लागते. जिथे घुमतं तिथे खडूने कड आखत जा. खोली पूर्ण झाली की लांबून फोटो काढा.

या नकाशावरून निम्मं निदान होतं. फक्त कोपरे पोकळ असतील, तर गवंड्याने माल मध्यात जास्त आणि कडेला कमी टाकला आहे. दाराजवळची एखादी रांगच पोकळ असेल, तर ती शेवटी, उरलेल्या मालावर बसवलेली आहे. खोलीच्या मधला अख्खा पट्टा घुमत असेल, तर फरशी दाबाने उचलली जायच्या बेतात आहे. ते काम आधी धरा.

घुमण्याऐवजी ‘कर्र’ किंवा ‘टक्’ असा घासल्याचा आवाज येत असेल, तर फरशी सुटलेली असून शेजारच्या फरशीला घासते आहे, किंवा तुमच्याकडे लाकडी फ्लोअरिंग आहे, किंवा तो लोखंडी सांगाड्यावरचा पोटमाळा आहे. या दोन्हींचे प्रश्न खाली वेगळे घेतले आहेत.

घर नवं आहे. मग फरशी इतक्या लवकर सुटते कशी?

नवं आहे म्हणूनच. काँक्रीट सुकताना आक्रसतं. आयएस ४५६ मध्ये हे आक्रसणं हिशेबासाठी ०.०००३ धरायला सांगितलं आहे, म्हणजे ५ मीटरच्या खोलीत दीड मिलिमीटर. वरची व्हिट्रिफाइड फरशी भट्टीतून निघालेली असते, ती आक्रसत नाही. खालचा स्लॅब आखडतो, वरची फरशी आहे तेवढीच राहते, आणि सांधे मोकळे नसतील तर दाब जाणार कुठे? तो फरशी आणि माल यांच्यामधल्या पकडीवर येतो.

ती पकडच व्हिट्रिफाइड फरशीत कमजोर असते. ही फरशी स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते. जुन्या सिमेंटच्या मोझेक फरशीची पाठ सच्छिद्र होती, सिमेंटचं पाणी तिच्यात मुरायचं आणि ती घट्ट बसायची. व्हिट्रिफाइडच्या पाठीवर सिमेंटची पातळ रबडी नुसती टेकते. त्यात पाठीवर कारखान्यातली पांढरी पावडर असते. ती ओल्या फडक्याने पुसली नाही, तर फरशी सिमेंटला न चिकटता पावडरीला चिकटते. सुटलेली फरशी उलटी करून बघा: पाठ कोरी आणि स्वच्छ निघाली, तर कारण हेच.

सोलापुरात यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, वारा कोरडा असतो, आणि कालवलेला माल थापीवरच ओढायला लागतो. गवंडी पाच-सहा फरश्यांचा माल एकदम पसरतो, शेवटच्या फरशीपर्यंत वरची साय धरलेली असते. दुसरी गोष्ट पाण्याची. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, टँकर विकत घ्यावा लागतो, मग पहिली काटकसर क्युरिंगमध्ये होते. कोरड्या उष्ण हवेत स्लॅब किमान १० दिवस ओला ठेवावा असं आयएस ४५६ म्हणतं. पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस ठेवणं चांगलं, आणि बाजारात आज तेच जास्त मिळतं. स्लॅबवर मालाची आळी घालून पाणी साठवायचं सोडून सकाळ-संध्याकाळ नुसतं पाइपने शिंपडलं, तर दुपारी स्लॅब कोरडाठाक असतो.

हे वरच्याच मजल्यावर का जास्त होतं?

तळमजल्याची फरशी मुरूम आणि साध्या काँक्रीटवर (पीसीसी) असते. ती खचली तर एकदम बसते, पण वाकत नाही. वरचा स्लॅब गाळ्यात थोडा तरी वाकतो, सेंट्रिंग (खालचा तात्पुरता आधार) काढल्यावर वाकतो आणि पहिल्या दोन वर्षांत हळूहळू आणखी थोडा. शिवाय गच्चीखालची खोली दिवसभर तापते आणि रात्री निवते. आणि खालची खोली रिकामी असल्यामुळे वरचा पोकळ आवाज तिच्यात घुमून दुप्पट वाटतो.

किती पोकळ चालते? प्रत्येक फरशी काढायची का?

अजिबात नाही. एखाद्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग घुमतो, फरशी हलत नाही, सांधा तडकलेला नाही आणि वर वर्दळ नाही, तर तिला हात लावू नका. शेजारच्या चार चांगल्या फरश्यांना धक्का बसण्याचा धोका जास्त आहे.

फरशीचा पाव भाग पोकळ असेल आणि ती जागा वर्दळीची असेल, म्हणजे दार, ओट्यासमोरची जागा, जिन्याचं तोंड, तर आतून भरा. निम्म्याहून जास्त पोकळ असेल, पाय ठेवल्यावर हलत असेल किंवा सांध्यात भरलेला मसाला, म्हणजे ग्राउट, भुगा होऊन निघत असेल, तर काढून नव्याने बसवणंच बरं. गॅस सिलिंडर जिथे टेकतो किंवा कपाटाचा पाया जिथे येतो, तिथली कोपऱ्यात पोकळ असलेली फरशीही सोडू नका. त्या कोपऱ्यावर वजन आलं की टवका उडतो.

फरशी न काढता आतून भरता येते का?

येते, पण खालचा मालाचा थर कडक असेल तरच. खाली कोरडी वाळूच असेल तर एपॉक्सी (कालवून वापरायचा, घट्ट होणारा गोंद) तिच्यात जिरून जातं आणि फरशी तशीच वाजत राहते. म्हणून आधी एका भोकातून काय भुगा येतो ते पाहा. राखाडी, चिमटीत धरून राहणारा भुगा आला तर काम करा. मोकळी वाळू आली तर थांबा.

भोक फरशीत पाडायचं नाही, सांध्यात पाडायचं. सांध्याच्या रुंदीएवढा, २ किंवा ३ मिमीचा बिट घ्या, हॅमर मोड बंद ठेवा, आणि २० ते २५ मिमी खोल जा. पोकळ भागाच्या दोन बाजूंना दोन भोकं हवीत: एकातून एपॉक्सी जातं, दुसऱ्यातून हवा निघते. त्या रेषेत पाण्याचा किंवा वायरिंगचा पाइप गेला आहे का, हे आधी घर बांधणाऱ्याला विचारा. भोकातला भुगा व्हॅक्यूमने ओढून घ्या. फुंकर मारू नका, भुगा आत जातो. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि पातळ, इंजेक्शनसाठीचं एपॉक्सी सिरिंजने सावकाश सोडा. दुसऱ्या भोकातून वर आलं की थांबा.

किती लागेल? एक फूट लांब-रुंद भागाखाली एक मिलिमीटर पोकळी असेल तर सुमारे ९० मिलिलिटर. २०० मिलिलिटर घालूनही वर येत नसेल, तर ते दुसरीकडे वाहून जातंय. मग ही फरशी काढण्यातलीच आहे. भरून झालं की वर १५-२० किलो वजन ठेवा आणि २४ तास त्यावर चालू नका. सांडलेलं एपॉक्सी ओलं असतानाच थिनरच्या फडक्याने पुसा, सुकलं की चकाकीसकट निघतं. उन्हाळ्यात एपॉक्सी भराभर घट्ट होतं, म्हणून सकाळी काम करा आणि एका वेळी थोडंच कालवा.

काढून बसवायची तर कशी?

सगळ्यात आधी चारही बाजूंचं ग्राउट कापा. ४ इंची ग्राइंडरला पातळ डायमंड ब्लेड लावून सांध्याच्या मधोमध जा. हे न करता छन्नी मारली की शेजारच्या फरशीची कड उडते, आणि या कामात सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मग फरशीच्या मध्यावर फोडा आणि मधून कडेकडे तुकडे काढा. डोळ्यांना गॉगल लावाच, व्हिट्रिफाइडची कपची काचेसारखी लागते.

खालचा माल फरशीची जाडी सोडून आणखी ५ ते ६ मिमी खोल खरवडा. कोरड्या ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. पाणी ओतू नका. जिथे माल हाताने सुटतो तिथे तो पूर्ण काढून १:४ च्या मालाने भरा आणि निदान तीन-चार दिवस वाळू द्या.

नव्या फरशीची पाठ पुसून घ्या. व्हिट्रिफाइडसाठी आयएस १५४७७ या मानकाप्रमाणे टाइप २ किंवा त्यावरचं अ‍ॅडहेसिव्ह (फरशी चिकटवायचा तयार माल) घ्या. गोणीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, अंदाजाने नको. कालवून पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा कालवा. खाली १० मिमी दातांच्या थापीने एकाच दिशेने ओळी ओढा, फरशीच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. फरशी टेकवून थोडी मागे-पुढे सरकवा, मग रबरी हातोडीने बसवा. पहिली फरशी बसवली की लगेच उचलून बघा. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली असली पाहिजे. पाच गोळे ठेवून वर फरशी टेकवली की लेव्हल झटकन मिळते, म्हणून बरेच जण तसं करतात, पण गोळ्यांच्या मधली जागा पोकळच राहते आणि तक्रार परत उभी राहते.

२४ तासांनी ग्राउट भरा. जड सामान तीन-चार दिवसांनी.

काल रात्री मोठा आवाज झाला आणि दोन फरश्या कडेला कड लावून वर उठल्या. काय करावं?

त्यांना दाबून बसवू नका आणि वर वजनही ठेवू नका. लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, कडा धारदार असतात. ही अडकलेल्या दाबाची गोष्ट आहे: खोलीभर फरश्या भिंतीपासून भिंतीपर्यंत गच्च बसवलेल्या असतात आणि जिथे पकड सर्वांत कमी, तिथे त्या सुटतात.

आधी उठलेल्या दोन फरश्या काढा. मग त्या रेषेतल्या दोन्ही टोकांना स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी) काढून पाहा. फरशी भिंतीला टेकलेली असेल, तर तिथे ६ ते ८ मिमी कापून जागा करा. काढलेल्या जागेत त्याच फरश्या मापाने बसायच्या नाहीत, कडेला एक-दोन मिलिमीटर कमी पडतं. घासून घेऊन बसवाव्या लागतात. उरलेली खोली पुन्हा ठोकून बघा, कारण दाब उतरताना शेजारची रांगही सुटलेली असते. नुसत्या दोन फरश्या बदलून भिंतीकडची जागा मोकळी केली नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या उठतील.

सांधा दिसायला नको म्हणून बिनसांध्याची फरशी बसवली. चूक झाली का?

हो. ५ मीटरच्या खोलीत दोन बाय दोन फुटांच्या फरशीचे आठ सांधे येतात. प्रत्येकी २ मिमी धरले तरी १६ मिमी जागा दाब पचवायला मिळते. ती काढून टाकली की फरशी एकसंध दगड होते. फरशीच्याच रंगाचं ग्राउट भरलं तर २ मिमीचा सांधा चार फुटांवरून दिसत नाही. घरात ऊन न लागणाऱ्या भागात ६ ते ७ मीटरवर एक सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचा लवचीक सांधा ठेवा. दाराचा उंबरा त्यासाठी सोयीची जागा आहे. उघड्या गच्चीवर आणि पश्चिमेच्या बाल्कनीत हेच अंतर अडीच ते साडेतीन मीटर.

शहाबादी किंवा कोटा असेल तर?

सुटण्याची तक्रार कमी. शहाबादीची पाठ खडबडीत असते आणि पाणी पिते. पण तिची जाडी एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी असते, त्यामुळे माल सगळीकडे सारखा पोचला नाही की एक कोपरा घुमतो. उपाय वरचाच.

पुसताना सांध्यातून बुडबुडे येतात आणि पाय दिला की पचपच आवाज होतो.

पोकळीत पाणी गेलं आहे. बादली ओतून फरशी धुणं बंद करा, फक्त फडकं. हवा लागेल असा एखादा सांधा मोकळा करून खोली आठ-दहा दिवस पंख्याखाली सुकू द्या. त्याआधी एपॉक्सी भरू नका, ओल्यावर ते धरत नाही. न्हाणीघराला लागून असलेल्या फरश्यांत हे होत असेल आणि पाणी न टाकताही ओल येत असेल, तर न्हाणीघराखालच्या बुडवलेल्या (खोलगट ठेवलेल्या) स्लॅबचं वॉटरप्रूफिंग तपासा. नुसती फरशी बदलून ते थांबणार नाही.

वरच्या बेडरूममध्ये लॅमिनेट लाकडी फ्लोअरिंग आहे, करकरतं. का?

आवाज कोणत्या महिन्यात येतो ते बघा. पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये, करकर वाढत असेल, तर फळ्या फुगून भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकल्या आहेत. स्कर्टिंग काढा, चारही बाजूंना ८ ते १० मिमी मोकळी जागा आहे का पाहा, नसेल तर कापून करा. चौकटीखाली मात्र हमखास राहून जातं. कपाट फ्लोअरिंगवर स्क्रूने ठोकलेलं असेल, तर तेही फळ्यांना अडकवून ठेवतं.

बारमाही आणि एकाच जागी आवाज असेल, तर खाली खड्डा आहे. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवा. पट्टीखाली ३ मिमीहून जास्त फट दिसली, तर फळी प्रत्येक पावलाला खाली जाऊन वर येते आणि तिची खाच घासते. फळ्या उघडून सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट होणारा माल) भरा आणि फोम नवा घाला. जाड फोम दुहेरी टाकून खड्डा झाकायचा मोह होतो, त्याने फळी आणखी लचकते आणि खाच तुटते. फळी खाली खिळ्याने ठोकणं तर कधीच नको. सांध्यात टाल्कम पावडर घासली की काही आठवडे आवाज थांबतो, पण तो तात्पुरता आराम.

लोखंडी सांगाड्यावर पोटमाळा केला आहे. पाऊल टाकलं की कर्र वाजतं.

एकाने वर चालायचं, दुसऱ्याने खालून सांगाड्याच्या सांध्यांवर तळहात ठेवून फिरायचं. जिथे बोर्ड आणि लोखंड घासतं तिथे हाताला ठोका लागतो. तीन कारणं सापडतात. स्क्रू लांब लांब आहेत, बोर्डाची कड लोखंडावर टेकलेली नाही, किंवा वेल्डिंगला नुसते टाके मारले आहेत.

१८ मिमीच्या सिमेंट फायबर बोर्डला आधार दोन-दोन फुटांवर हवा, कडेचे स्क्रू २०० मिमीवर आणि मधले ३०० मिमीवर. बोर्डाच्या दोन्ही कडांना लोखंड पाहिजेच. नसेल तर खालून अँगल जोडा, आणि वेल्डिंग करताना वरचा बोर्ड, प्लाय, गादी सगळं बाजूला काढा, ठिणगी पेट घेते. घासणाऱ्या जागी लोखंड आणि बोर्डमध्ये ३ मिमीची रबरी पट्टी किंवा पॉलियुरेथेन गोंद द्या. दोन बोर्डांमध्ये ३ मिमी फट ठेवा. गच्च बसवले की हेच बोर्ड एकमेकांना घासून वाजतात.

खर्च कोणी करायचा? बिल्डर म्हणतो, फरशीची गॅरंटी नसते.

रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा रो-हाउस असेल, तर कलम १४(३) वाचून दाखवा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला आणि तुम्ही तो लक्षात आणून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार तोंडी करू नका. खडूने आखलेला खोलीचा फोटो, पोकळ फरश्यांची संख्या आणि तारीख घालून ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. दुरुस्ती झाली नाही तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. स्वतः फरशी काढली तर पुरावाही जातो, म्हणून आधी पत्र, मग हातोडी.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलं असेल, तर हे कलम लागू होत नाही. तिथे करारच उपयोगी. फरशीच्या कामाची ५ टक्के रक्कम एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची अट आधीच घाला.

आमची फरशी अजून बसायची आहे. गवंड्याला काय सांगू?

स्लॅब टाकून निदान दोन-तीन महिने झाल्यावर, गिलावा आणि भिंती पूर्ण झाल्यावर फरशी घ्या. १२ बाय १४ च्या खोलीला दोन बाय दोनच्या ४२ फरश्या लागतात, कापाकापी धरून ४६ आणा. कोबा आधी लेव्हलला घालून सुकवा आणि वर अ‍ॅडहेसिव्ह वापरा. ५-६ मिमी थराला या खोलीत २० किलोच्या ६ ते ७ गोण्या जातात. एका वेळी दोन-तीन फरश्यांपुरताच माल पसरा, २ मिमीचे स्पेसर घाला, भिंतीकडे ६ ते ८ मिमी सोडा, ती फट स्कर्टिंगखाली झाकते. भर दुपारी उघड्या खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत काम नको.

रोज संध्याकाळी, गवंडी निघायच्या आधी, आदल्या दिवशी बसवलेल्या फरश्या नाण्याने ठोका. २४ तासांची फरशी काढणं सोपं असतं, चार महिन्यांची नाही.

उरलेल्या फरश्या ठेवायच्या का?

प्रत्येक डिझाइनच्या चार-पाच ठेवा, आणि खोक्यावरचा बॅच व शेड क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवा. त्याच नावाची फरशी पुढच्या वर्षी मिळाली, तरी छटा आणि मापात अर्धा-एक मिलिमीटर फरक पडतो. खोकी आडवी रचू नका, भिंतीला टेकवून उभी ठेवा.